आंब्याची मर आणि बुरशीची वंशावळ



आंब्याचे झाड मरायचे झाले तर ते सहसा सावकाश मरते. खोडाला भिरूड लागते, मुळांशी पाणी साचते, वाळवी पोखरते. दोनचार वर्षे झाड खंगत जाते आणि मालकाला अगोदर चाहूल लागते. पण काही वेळा निराळेच घडते. झाड हिरवेगार, फळत्या वयाचे. आणि त्याची एखादीच फांदी एकाएकी मलूल होते. पाने तपकिरी पडतात पण गळत नाहीत, आठवडेच्या आठवडे तशीच लटकून राहतात. खोडावर सालीतून डिंक ओघळतो. साल तासून पाहावी, तर आतले लाकूड पांढरट असायचे ते तपकिरी, काळपट झालेले. मग दुसरी फांदी, मग तिसरी, आणि काही महिन्यांत सारे झाड उभ्याउभ्या वाळते. शेजारीपाजारी म्हणतात, “दृष्ट लागली!”

आज आपण या मरीबद्दल बोलणार आहोत. औषधांची यादी मी देणार नाही. ही मर कोण घडवून आणतो आणि त्याला शास्त्रज्ञांनी ओळखले कसे, हे सांगणार आहे. चोर कोण हेच ठाऊक नसेल तर पहारा कुठे बसवायचा?

आपल्या कोकणकिनाऱ्यासमोर, अरबी समुद्राच्या पलीकडच्या काठाला ओमान देश आहे. मस्कतपासून वायव्येला समुद्राच्या कडेकडेने एक सपाट, बागायती पट्टी जाते. तिचे नाव बातिना. खजूर हे तिथले मुख्य झाड; पण खजुरांच्या जोडीला आंब्याचीही बरीच लागवड. आंबा मूळचा आपल्या बाजूचा. पूर्वीच्या दर्यावर्दी व्यापारात तो तिकडे गेला आणि घरोघरच्या बागांत रुजला. कोयीपासून वाढवलेली ती झाडे म्हणजे तिथला रायवळच म्हणा ना. १९९८ साली या बातिना पट्टीतल्या बर्का भागात आंब्याची झाडे वर सांगितल्याप्रमाणे पटापट वाळू लागली. पाहता पाहता रोग किनाऱ्याने पसरला. पाकिस्तानात सिंध आणि पंजाब या प्रांतांतही अशीच मर पडत होती. आणि त्याच्या कितीतरी अगोदर, १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, दूर दक्षिण अमेरिकेत ब्राझीलच्या पेर्नांबुको प्रांतात आंब्याची झाडे याच तऱ्हेने मेली होती. तिथल्या राजधानीच्या नावावरून लोकांनी त्या रोगाला ‘रेसिफेचे दुखणे’ असेच नाव पाडले होते.

तीन देश, तीन हवामाने आणि झाडाचे मरण मात्र एकसारखे. मग कारणही एकच असेल का?

वाटते तितका हा प्रश्न सोपा नाही. मेलेल्या आंब्याचे लाकूड प्रयोगशाळेत नेले म्हणजे त्यात एक बुरशी सापडत नाही, चारपाच सापडतात. रानात ढोर मेले की गिधाडे जमतात. म्हणून गिधाडांनीच ढोर मारले असे आपण म्हणत नाही. लाकडातल्या बुरशींचेही तसेच. काही अगोदर येतात आणि झाड पाडतात. काही मागून येतात आणि पडलेल्यावर गुजराण करतात. ओमानच्या झाडांत लासिओडिप्लोडिया नावाची बुरशी पुष्कळ ठिकाणी मिळाली. ही आपल्याही ओळखीची आहे. आपल्याकडे आंब्याची शेंडेमर आणि काढलेल्या फळाची देठाकडून होणारी कूज तिच्यामुळे होते. प्रयोगशाळेच्या बशीत ती इतक्या झपाट्याने वाढते की सावकाश वाढणारी दुसरी बुरशी तिच्याखाली झाकून जाते. पाहणाऱ्याला वाटते, सापडला चोर. आणि खरा चोर मागल्या दाराने निसटतो.

या निसटणाऱ्याला पकडण्याची एक युक्ती आहे आणि ती अगदी आपल्या स्वयंपाकघरातली आहे. कॅलिफोर्नियातील दोघा शास्त्रज्ञांनी ती १९६८ साली प्रसिद्ध केली. गाजराच्या दोन चकत्या घ्यायच्या. रोगट लाकडाचा पातळ तुकडा त्यांच्यामध्ये ठेवायचा, जसे भाकरीच्या दोन चतकोरांत झुणका ठेवावा तसे. ओलसर जागी झाकून आठदहा दिवस वाट पाहायची. इतर पुष्कळशा बुरशींना गाजर मानवत नाही. या एका बुरशीला मात्र ते फार आवडते. मग भिंगातून पाहिले तर गाजरावर काळ्या रंगाच्या, लांब मानेच्या चिमुकल्या सुरया उभ्या राहिलेल्या दिसतात. प्रत्येक सुरईच्या तोंडाशी झालर, आणि झालरीवर चिकट थेंब. त्या थेंबात शेकडो बीजाणू, म्हणजे बुरशीचे बी. सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर एकेक बीजाणू काठ असलेल्या साहेबी टोपीसारखा दिसतो. आणि वासाची गंमत अशी की, ही बुरशी वाढवलेली बशी उघडली तर पिकल्या केळ्यासारखा गोड वास येतो! या वासाला किडे भुलतात. चिकट थेंब त्यांच्या अंगाला लागतो आणि बुरशीला फुकटची गाडी मिळते.

या बुरशीच्या कुळाचे नाव सेराटोसिस्टिस.

पण सापडली म्हणजे तिनेच मारले, हे सिद्ध झाले का? नाही. त्यासाठी जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी घालून दिलेली कसोटी आजही लावतात. रोगी झाडातून जंतू वेगळा काढा. तो एकटाच शुद्ध वाढवा. निरोगी रोपाला तो टोचा. तेच दुखणे झाले पाहिजे. आणि त्या आजारी रोपातून पुन्हा तोच जंतू हाती आला पाहिजे. ओमानचे शास्त्रज्ञ अली अल अदावी आणि त्यांचे सहकारी यांनी ही सगळी खटपट केली आणि २००६ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. लासिओडिप्लोडिया सोबत असते आणि तीही इजा करते. परंतु या आकस्मिक मरीच्या मुळाशी पाहायचे ते सेराटोसिस्टिसकडे.

आता खरी अडचण सुरू होते. सेराटोसिस्टिस म्हणजे एक बुरशी नव्हे, ते कुळाचे नाव आहे. गावोगाव पाटील असतात. नुसते ‘पाटील’ म्हटल्याने माणूस सापडत नाही. कुठला पाटील, कुणाचा कोण, हे विचारावे लागते. या कुळातील सेराटोसिस्टिस फिम्ब्रिएटा हे नाव प्रथम दिले गेले ते अमेरिकेत १८९० साली आणि तेही रताळ्याच्या काळ्या कुजीवर. ‘फिम्ब्रिएटा’ म्हणजे झालरीची. पुढे कॉफी, कोको, रबर, निलगिरी, आंबा, डाळिंब, जिथे जिथे झालरीच्या सुरया आणि टोपीचे बीजाणू दिसले तिथे तिथे हेच नाव चिकटवले गेले. सूक्ष्मदर्शकातून सगळ्या सारख्याच दिसत, त्याला कोण काय करणार? पण रताळ्यावरची बुरशी कोकोच्या झाडाला मारीत नाही आणि कोकोवरची रताळ्याला कुजवीत नाही, असे दिसू लागले, तेव्हा लोकांना शंका आली. कोकोवरची बुरशी तर २००५ साली वेगळी जात म्हणून ठरली. डोळ्यांची साक्ष इथे संपली. आता साक्ष काढायची ती बुरशीच्या जनुकांची.

जनुके म्हणजे काय, ते शिक्षकमंडळींना ठाऊक आहेच. बाकीच्यांसाठी एक दाखला देतो. जुन्या काळी पोथ्या हाताने उतरून काढीत. उतरणारा कितीही काळजीपूर्वक लिहो, एखादे अक्षर चुकायचेच. ती चुकलेली पोथी समोर ठेवून पुढचा माणूस उतरून घेई; मागची चूक तशीच पुढे जाई, शिवाय त्याची स्वतःची एखादी भर पडे. यांनाच आपण पाठभेद म्हणतो. ज्ञानेश्वरीत असे पाठभेद फार झाले म्हणून नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे आपण जाणतोच. आता समजा, दोन पोथ्यांत त्याच ठिकाणी तीच चूक आहे. दोन्ही कुठल्या तरी एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असल्या पाहिजेत, असे जाणकार म्हणतो. चुकांवरून त्याला पोथ्यांची वंशावळ मांडता येते.

प्रत्येक सजीवाच्या पेशीत अशीच एक पोथी असते. तिचे नाव डीएनए. तिची वर्णमाला अवघ्या चार अक्षरांची. बुरशीच्या बापलेकांत ती पोथी पिढ्यान्‌पिढ्या उतरली जाते आणि उतरताना क्वचित एखादे अक्षर बदलते. ओमानची बुरशी, ब्राझीलची बुरशी आणि रताळ्यावरची बुरशी यांची तीच ती पाने शेजारी शेजारी ठेवून अक्षर नि अक्षर ताडून पाहिले की कोण कुणाच्या जवळचा, ते कळते.

पोथी मोठी, कोट्यवधी अक्षरांची. ती सगळी दर वेळी कोण वाचणार? म्हणून ठरावीक पाने निवडतात. बुरशींच्या बाबतीत एक लहानसे पान जगभर वापरले जाते, साधारण पाचसहाशे अक्षरांचे. आयटीएस असे त्याचे संक्षिप्त नाव आहे. २०१२ साली तर बुरशी ओळखण्याचे सर्वमान्य पान म्हणून त्याची निवड झाली. कापड दुकानात ठाणावर चिठ्ठी असते ना, तसलीच ही चिठ्ठी समजा.

एवढेसे पान एका तुकड्यातल्या सूक्ष्म बुरशीतून वाचायचे कसे? अगोदर त्याच्या पुष्कळ नकला कराव्या लागतात. कॅरी मुलिस या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८३ साली ही रीत शोधली. १९९३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. डीएनए म्हणजे एकमेकींत गुंफलेले दोन धागे. ९४-९५ अंशांपर्यंत तापवले की ते उकलतात. मग ५५ अंशांच्या आसपास निववले की हव्या त्या पानाच्या दोन्ही कडांना खुणेचे तुकडे चिकटतात. मग ७२ अंशांवर एक विकर प्रत्येक धाग्याची नवी जोडी विणते. एकाचे दोन झाले. पुन्हा तापवा, पुन्हा निववा, दोनाचे चार. गुरुजी, वर्गात फळ्यावर हे गणित जरूर मांडा: तीस वेळा दुप्पट केले की एकाचे १०७ कोटींवर जाते आणि यंत्राला त्यासाठी दोनतीन तास पुरतात. इतक्या उष्णतेत न विरणारे हे विकर मिळाले ते गरम पाण्याच्या झऱ्यात राहणाऱ्या जीवाणूपासून. तो जीवाणू अमेरिकेतील यलोस्टोनच्या झऱ्यांत सापडला. उन्हवऱ्याला किंवा तुरळला आपण जे कढत पाणी पाहतो, त्याच जातीच्या पाण्यातला हा रहिवासी.

डीएनए डोळ्यांना दिसत नाही असे मुलांना वाटते. शाळेत एक प्रयोग करून पाहावा. पिकलेले केळे कुस्करा. भांडी घासण्याचा द्रवसाबण चमचाभर, मीठ चिमूटभर आणि थोडे पाणी घालून हलक्या हाताने मिसळा. फडक्यातून गाळा. गाळलेल्या पाण्यावर बर्फात थंड केलेले स्पिरिट पेल्याच्या कडेने अलगद सोडा. दोन थरांच्या मध्ये पांढरट, चिकट तंतूंचा पुंजका वर येतो. त्यात केळ्याचा डीएनए असतो. स्पिरिट पेट घेते, तेव्हा जवळ दिवा किंवा स्टोव्ह नको, एवढे सांभाळा.

आता ओमानकडे परत येऊ. दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया विद्यापीठातील मारेलीझ व्हान विक आणि मायकेल विंगफील्ड, ओमानचे अल अदावी आणि पाकिस्तानचे शास्त्रज्ञ यांनी मिळून ओमान आणि पाकिस्तान दोन्हीकडची बुरशी तपासली. एकाच पानावर विसंबून न राहता तीन पाने ताडून पाहिली. दोन्ही देशांतली बुरशी एकमेकींशी तंतोतंत जुळली. रताळ्यावरच्या बुरशीहून मात्र ती निराळी दिसली. म्हणून २००७ साली त्यांनी तिला नवे नाव दिले: सेराटोसिस्टिस मँगिनेकन्स. लॅटिन भाषेत ‘नेकन्स’ म्हणजे मारणारी. आंबेमारी म्हणा!

गोष्ट इथे संपली असती तर सांगायला सोपी गेली असती. पण अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठाचे थॉमस हॅरिंग्टन आणि त्यांचे ब्राझीलमधील सहकारी यांना हे पटले नाही. त्यांचे म्हणणे समजून घेण्यासारखे आहे.

आयटीएसचे पान पोथीत एकदाच येत नाही. एकाच बुरशीत त्याच्या कित्येक डझन प्रती असतात. सहसा त्या सगळ्या सारख्या असतात, म्हणून तर ते पान विश्वासाचे. परंतु या कुळात एकाच बुरशीच्या पोटात दोन दोन पाठ सापडू लागले! एकाच बासनात निरनिराळ्या पाठांची तीच ओवी निघावी, तशी गत. मग केवळ त्या पानावरून ‘ही वेगळी जात’ असे कसे म्हणावे? त्यांनी इतर पाने तपासली, तेव्हा आंब्यावरच्या म्हणून वेगळ्या मानलेल्या जातींचे वेगवेगळे फाटे काही दिसेनात. शिवाय त्यांनी बुरशींचा संकर करून पाहिला. आंब्यावरच्या निरनिराळ्या बुरशी आपसांत जुळल्या, आणि रताळ्यावरच्या मूळ फिम्ब्रिएटाशीही जुळल्या, संततीही झाली. घोड्याचा आणि गाढवाचा संकर खेचरापाशी थांबतो. इथे तसे झाले नाही. म्हणून २०१५ साली त्यांनी लिहिले की या निराळ्या जाती नव्हेत, एकाच फिम्ब्रिएटाचे हे वाण आहेत. हापूस, पायरी, रायवळ यांत फरक किती! तरी सगळे आंबेच.

हा वाद अजून मिटलेला नाही. काही प्रयोगशाळा ‘मँगिनेकन्स’ हेच नाव चालवतात, काही ‘फिम्ब्रिएटा’ म्हणतात. शेतकरी म्हणेल, “नावाचं काय घेऊन बसलात, झाड वाचवायचं बोला.” त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही, पण नावाला किंमत आहे. बंदरावर परदेशी कलमे अडवणारा अधिकारी यादी पाहून अडवतो. यादीतली बुरशी आपल्या देशात आधीच आहे असे मानले, तर तो कलमे सोडून देईल. बाहेर असलेला एखादा जहाल वाण आपल्याकडे अजून आलेला नसेल, तर त्या सोडण्याची किंमत कोण मोजणार? म्हणून माझ्या मते नुसते जातीचे नाव पुरेसे नाही, वाणापर्यंत ओळख हवी. आणि वाणापर्यंतच्या ओळखीबाबत दोन्ही पक्षांच्या पाहण्या बऱ्याचशा एका बाजूला झुकतात.

ही ओळख कशी करतात? डीएनएच्या पोथीत काही ठिकाणी दोनतीन अक्षरांचे एकच पद पुनःपुन्हा गिरवलेले असते. नामसप्ताहात ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणतात तसे. कुठल्या वाणात ते बारा वेळा येते, कुठल्यात पंधरा वेळा. अशा बऱ्याच ठिकाणची मोजणी केली की प्रत्येक वाणाचा ठसा मिळतो. ब्राझीलमध्ये मोजणी केली तेव्हा वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे ठसे निघाले. ओमान आणि पाकिस्तानात मात्र जिकडे तिकडे जवळजवळ एकच ठसा.

याचा अर्थ आपल्या गावच्या अनुभवावरून लावता येतो. ज्या गावी एखादे घराणे पिढ्यान्‌पिढ्या नांदते तिथे त्याच्या थोरल्या पाती, धाकट्या पाती, अनेक घरे असतात. नव्या गावी मात्र एकच कुटुंब राहायला आलेले असते. बुरशीचे मूळ गाव दक्षिण अमेरिकेकडे. अरबस्तानात आणि सिंधेत ती पाहुणी म्हणून आली आणि एकाच वाणाने सगळा मुलूख व्यापला. ती आली कशी? ब्राझीलमध्ये दूरदूरच्या बागांत तोच ठसा पुन्हा पुन्हा सापडला, तेव्हा शास्त्रज्ञांनी बोट ठेवले ते रोपवाटिकेतल्या रोगट कलमांवर. शेकडो कोसांची मजल किडा मारीत नाही. माणसाची गाडी मारते.

जवळचा प्रवास मात्र किड्याचा. दोन मिलिमीटरहूनही लहान असा एक भुंगेरा आंब्याची साल पोखरतो. मोहरीच्या दाण्याएवढा म्हणा. तो मूळचा आशियातला, आंब्याच्याच माहेरचा. सशक्त झाडाला तो एरवी फारसे काही करीत नाही. परंतु बुरशीची आणि त्याची गाठ पडली, आणि एकटा निरुपद्रवी असलेला किडा वाटाड्या झाला. तो बुरशी अंगावर घेऊन एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. त्याच्या भोकांतून बाहेर पडणाऱ्या बारीक भुश्श्यातही जाड कवचाचे बीजाणू असतात. ते पुष्कळ दिवस जिवंत राहतात आणि वाऱ्याने, पाण्याने, मातीने पसरतात. माणसाचा कोयता आणि करवत हेही या कामी किड्याला हार जात नाहीत.

आणखी एक गोष्ट जनुकांमुळे उघड झाली. ओमानमध्ये ग़ाफ नावाचे एक वाळवंटी झाड आहे. पाकिस्तानात शिसवाच्या जातीचे शिशम. ही झाडेही वाळत होती. त्यांच्या लाकडातली बुरशी तपासली तर ती आंब्यावरचीच निघाली! हे २०१३ साली जाहीर झाले. ग़ाफ म्हणजे कोणते झाड, ठाऊक आहे? दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी. तेव्हा बागेच्या कुंपणावरचे किंवा बांधावरचे झाड वाळले तर ते वेगळे दुखणे असे धरून चालू नये.

चीनमध्येही असेच एक कोडे सुटले. युनान प्रांतात डाळिंबावर आणि अळूवर पडलेल्या रोगाची बुरशी २०१५ च्या अभ्यासात ब्राझीलमधल्या निलगिरीवरच्या बुरशीशी जुळली. डाळिंब कुठले, निलगिरी कुठली! पण ठसा खोटे बोलत नाही.

आता आपल्याकडचे पाहू. सोलापूर, सांगली, नाशिककडच्या डाळिंबवाल्या श्रोत्यांच्या मनात एव्हाना एक गोष्ट आलीच असेल. डाळिंबावरची मर १९९० साली कर्नाटकातील विजापूर जिल्ह्यात प्रथम नजरेस आली आणि पुढे आपल्या राज्यातही पसरली. तिच्यात जी बुरशी सापडते ती हीच, फिम्ब्रिएटा. उत्तर भारतातील आंब्यांच्या बागांतूनही या बुरशीमुळे झाडे वाळल्याचे शास्त्रज्ञांनी नोंदवले आहे. यावरून कुणी असे समजू नये की डाळिंबाच्या शेजारचा आंबा उद्या मरणारच. नाव एक असले तरी प्रत्येक वाण प्रत्येक झाडावर सारखाच जोर करतो असे नाही. उलट ब्राझीलमध्ये असा अनुभव आला की, एका भागात टिकाव धरणारा आंब्याचा खुंट दुसऱ्या भागातल्या वाणापुढे टिकला नाही. म्हणून तिथे खुंटांची निवड करताना निरनिराळ्या वाणांची बुरशी टोचून पारख करावी लागते. चिवट खुंट शोधणे हाच या रोगावरचा दूरचा परंतु भरवशाचा मार्ग दिसतो. बुरशी लाकडाच्या आत पाण्याच्या नळ्यांत बसलेली असते. वरून फवारलेले औषध तिथे पोचत नाही, आणि अर्धे झाड वाळल्यावर मुळाशी ओतलेल्या महागड्या औषधाने झाड परत उभे राहत नाही. दुकानदार काहीही सांगो.

मग आपल्या हाती काय? झाड वाळू लागले की अगोदर भिरुडाची भोके, मुळाशी साचलेले पाणी, वाळवी हे पाहून घ्यावे. कोकणात बहुतेक वेळा कारण तिथेच सापडते. त्यांपैकी काही नसेल, डिंक ओघळत असेल आणि लाकडात काळपट पट्टे असतील तर मात्र थांबू नये. त्या झाडावर वापरलेला कोयता स्पिरिटने पुसल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नये. मेलेले झाड सरपणासाठी गावभर वाटू नये. जागच्या जागी जाळावे. त्याच्या काड्या कलमासाठी घेऊ नयेत, मग मूळ झाड कितीही नामांकित असो.

आणि नमुना तपासायला पाठवावा. दापोलीच्या कृषी विद्यापीठात, वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. पुष्कळ लोक वाळलेली पाने नेतात. त्यांचा काही उपयोग नाही. बुरशी पानांत नसते. पूर्ण वाळलेले लाकूडही नको, तिथे गिधाडेच जमलेली असतात. जिथे काळे लाकूड संपते आणि चांगले लाकूड सुरू होते, त्या सीमेवरचा वीतभर तुकडा सालीसकट कापावा. कोरड्या कागदात गुंडाळावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये, घाम येऊन तो कुजतो. उन्हात न ठेवता दोनतीन दिवसांत पोचता करावा. सोबत चिठ्ठी लिहावी: गाव, झाडाची जात, वय, पहिली फांदी कधी मलूल झाली, आसपास आणखी कुठली झाडे वाळली, आणि कलम कोणत्या रोपवाटिकेतून, कोणत्या साली आणले. ही शेवटची ओळ लोक बहुधा गाळतात. एवढी वंशावळ ऐकल्यावर प्रयोगशाळेतला माणूस तीच ओळ सगळ्यांत आधी का वाचतो, हे आपल्या ध्यानात आले असेल.